एका गळलेल्या शब्दाविषयी

पुणे,
१४ जुलै

प्रिय सदानंद,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. दर रविवारी मी दुसऱ्याच्या पुस्तकातले स्वल्पविराम कशासाठी तपासत बसतो, असे तू विचारले आहेस, त्याचे उत्तर सविस्तरच द्यायला हवे.

समांतर प्रोग्रॅमिंगवरचे, म्हणजे एकाच वेळी अनेक कामे चालवणाऱ्या प्रोग्रॅमांवरचे, हे पुस्तक पॉल मॅककेनी यांच्या संपादनाखाली अनेकांच्या हातून घडते आहे. लेटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीतला त्याचा मूळ मजकूर गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या व्यवस्थेवर सर्वांना खुला आहे; ज्याला चूक दिसेल त्याने ती दुरुस्त करून पॅच, म्हणजे बदललेल्या ओळींची नोंद, पाठवावा, आणि हा बदल देण्याचा अधिकार आपल्याला आहे अशी ग्वाही देणारी ओळ त्याखाली स्वतःच्या नावाने लिहावी, अशी रीत आहे.

चुकीचा प्रोग्रॅम चालवून पाहिला की चूक कळतेच, असे तू म्हणतोस. या विषयात नेमके तेच होत नाही. समज, एक थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅममधला स्वतंत्रपणे चालणारा एक प्रवाह, मेमरीत माहिती भरतो आणि मग ‘तयार’ अशी खूण लिहितो. दुसरा थ्रेड ती खूण पाहून माहिती वाचतो. पण वेगासाठी कंपायलर (प्रोग्रॅमचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारे साधन) आणि प्रोसेसर हा क्रम बदलू शकतात. तो टिकावा म्हणून लिहिणारा आणि वाचणारा अशा दोन्ही बाजूंना मेमरी बॅरियर, म्हणजे क्रम मोडू न देणारी सूचना, लागतो. आता पुस्तकातल्या वाक्यातून ‘दोन्ही’ हा एक शब्द गळला आणि विद्यार्थ्याने फक्त लिहिण्याच्या बाजूला बॅरियर घातला, तर कंपायलरने क्रम बदलला नसल्यास त्याच्या एक्स८६ जातीचा (इंटेल किंवा एएमडीचा) प्रोसेसर असलेल्या लॅपटॉपवर सारे सुरळीत चालेल, कारण तो प्रोसेसर साध्या वाचनांचा आपसातला क्रम स्वतःच राखतो. तोच प्रोग्रॅम एआरएम या, अशी हमी न देणाऱ्या, दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरवर गेला की खूण नवी आणि माहिती जुनी असे कधीतरी, लाखो फेऱ्यांतून एखाद्या वेळी, घडेल. आणि मूळ दोष एका वाक्यात आहे हे त्या विद्यार्थ्याला कसे कळावे? म्हणून मला तो शब्द स्वल्पविरामाइतका लहान वाटत नाही.

ओळींच्या क्रमांकांचेही तसेच. ‘१२वी ओळ लॉक घेते’ (लॉक म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारे कुलूप) असे मजकुरात लिहिलेले असते, कुणी कोडमध्ये वर एक ओळ वाढवतो, आणि वाचक भलत्याच ओळीकडे पाहत राहतो. ओळीला नाव देऊन क्रमांक आपोआप बसवला, की ही चूक मुळातूनच टळते.

मात्र दुरुस्ती करणाऱ्यानेही थांबायला शिकले पाहिजे. मोजणीच्या प्रकरणात काउंटर लॉकशिवाय वाढवलेला पाहून मी पॅच लिहून तयार ठेवला होता: दोन थ्रेड एकाच वेळी ७ वाचतात, दोघेही ८ लिहितात, आणि एक भर हरवते. पान उलटल्यावर समजले की तो प्रोग्रॅम मुद्दामच चुकीचा दिला आहे आणि हरवलेली भर दाखवणे हाच त्याचा हेतू आहे. तो पॅच मी पाठवला नाही, आणि तेव्हापासून संपूर्ण प्रकरण वाचल्याशिवाय एका शब्दालाही हात लावत नाही.

महाविद्यालयाच्या वार्षिकाची मुद्रिते आपण तपासत असू, तेव्हा तू मोठ्याने वाचायचास आणि मी मूळ प्रतीवर बोट ठेवून चालायचो, हे तुला आठवत असेल. इथे तो दुसरा आवाज नाही. विषय जाणणाऱ्याचा डोळा गळलेला शब्द मनानेच भरून घेतो. तुझा डोळा तसे करणार नाही. मोजणीचे प्रकरण छापून याच आठवड्यात पाठवतो. जिथे अडशील तिथे पेन्सिलने खूण कर आणि पाने परत पाठव.

तुझा,
अविनाश