दर महिन्याचं नाटक?

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका गारमेंट युनिटमध्ये मी शाळेचे गणवेश शिवते. मागच्या आठवड्यात शेजारच्या मशीनवरची पोरगी पोट धरून उठली, तर सुपरवायझर म्हणाले, "दर महिन्याचं नाटक!" (दर महिन्याला येते म्हणूनच तिला पाळी म्हणतात, साहेब.) आम्ही कुणी तोंड उघडलं नाही. मीही नाही. बाटलीत गरम पाणी भरून ती मांडीत धरली आणि पोरीनं दिवसभर बाह्या जोडल्या, कारण मजुरी नगावर. उठलं की पैसे गेले.

बिहारमध्ये सरकारी नोकरीतल्या बायकांना १९९२ पासून पाळीसाठी महिन्याला दोन दिवस रजा आहे. सक्तीची रजा दिली तर बायकांना कामावर घेणंच टाळतील, अशी शंका सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये बोलून दाखवली. ती खोटी नाही. पण नगावरच्या बाईला रजा म्हणजे बिनपगारीच. आम्हाला आधी कडी लागणारा संडास, त्यात कचऱ्याचा झाकणाचा डबा आणि घटकाभर पाठ टेकायला जागा द्या. वापरलेलं पॅड आज कागदात गुंडाळून जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून घरी न्यावं लागतं.

– एक शिलाई कामगार, सोलापूर