आई, योसेफाची गोष्ट तू अर्धवट सोडली नाहीस

प्रिय आई,

जय ख्रिस्त.

हे पत्र घरी तुझ्या हातात देता आलं असतं. पण मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. आपल्या मंडळीतल्या कितीतरी आईवडिलांना आपल्या मुलांशी शरीर, मोह आणि शुद्धता या विषयावर बोलायचं असतं, पण तोंड उघडत नाही. तू उघडलंस. पुढच्या महिन्यात माझं लग्न आहे. त्याआधी तुझे आभार मानायचे, ते चारचौघांत मानावेत असं मनाने घेतलं.

बडोद्यात आपण वाढलो ते तीन भाषांत. शाळा इंग्रजी, फतेगंजच्या चर्चमधली भक्ती गुजराती आणि घरातलं पवित्र शास्त्र मराठी. नाइट ड्यूटी संपवून तू सकाळी घरी यायचीस, चहाचं आधण ठेवायचीस आणि विचारायचीस, "आज तारीख काय?" शास्त्रातल्या नीतिसूत्रांच्या पुस्तकाचे अध्याय 31, महिन्याचे दिवसही जास्तीत जास्त तेवढेच. तारखेचा अध्याय काढायचा आणि मोठ्याने वाचायचा. तुझे डोळे झोपेने मिटत असायचे, तरी मी एखादं वचन गाळलं की तुला कळायचं.

आणि मी गाळायचो ते बहुतेक 5 ते 7 तारखेला. त्या अध्यायांत बाप मुलाला परस्त्रीच्या मोहाविषयी बजावतो. आठवी-नववीतल्या मुलाला आईसमोर ते वाचताना कसं होतं, हे सांगायला नको. तू मला एकदाही "राहू दे, पुढचं वाच" म्हणाली नाहीस. सातव्या अध्यायात तो माणूस आपल्या खिडकीतून बघतो, आणि दिवस मावळताना एक तरुण तिच्या घराच्या वाटेला लागलेला त्याला दिसतो. तू विचारलंस, "हा मुलगा चुकला कुठे?" मी म्हटलं, तिच्या घरात गेला तिथे. तू म्हणालीस, "नाही रे. त्या गल्लीत वळला तिथे. घरात जाईपर्यंत उशीर झाला होता." पुढे हॉस्टेलमध्ये, नोकरीत, रात्री फोन हातात असताना मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलं असेल तर हे एक वाक्य.

तू नर्स असल्याचा केवढा फायदा मला झाला, हे आता मित्रांशी बोलताना लक्षात येतं. त्यांच्या घरी शरीराचा विषय निघाला की टीव्हीचा आवाज वाढायचा. तू मात्र माझ्या वयात शरीरात काय बदल होतात ते भाजी निवडताना सांगितलंस, ताप आल्यावर काय करायचं ते सांगावं तितक्या सरळपणे. इच्छा होणं हे पाप नाही, देवानेच ती दिली आहे. तिचं पुढे काय करायचं, हे मात्र तुझ्या हातात आहे, असं म्हणालीस. मग याकोबाच्या पत्रातला पहिला अध्याय काढून दाखवलास: वासना गर्भवती होते आणि पापाला जन्म देते. "मधे वेळ असतो," तू म्हणालीस. "त्या वेळात प्रार्थना कर, उठ, बाहेर जा, मला हाक मार." मोह झाला की मी वाईटच आहे, असं मला कधी वाटलं नाही ते यामुळेच. ज्यांना तसं वाटतं ती मुलं कोणाशी बोलत नाहीत, एकटी पडतात. हे मी जवळून पाहिलंय.

उत्पत्तीचा 39 वा अध्याय आपण किती सावकाश वाचला! संडे स्कूलमध्ये योसेफ वस्त्र टाकून पळाला आणि गोष्ट संपली. तू मला दहाव्या वचनावर थांबवलंस. योसेफ ज्याच्या घरी गुलाम होता त्या पोटीफराची बायको त्याला मोहात पाडायला रोज रोज बोलत असे. म्हणजे त्यालाही रोज रोज नाही म्हणावं लागलं. एकदा नाही म्हटलं की मोह सुटतो, असं समजू नकोस, हे तू तिथे सांगितलंस. आणि तिला त्याने दिलेलं उत्तर बघ म्हणालीस. धनी मला पकडेल, असं तो म्हणत नाही. धन्याने माझ्यावर विश्वास टाकला आहे आणि हे देवाविरुद्ध पाप आहे, असं तो म्हणतो. आणि पुढे घरात कोणी नव्हतं, तेव्हाही तो तसाच वागला. मग तू पुढेही वाचायला लावलंस, तो तुरुंगात जातो तिथपर्यंत. चांगलं वागल्याचं त्याला बक्षीस मिळालं नाही, उलट खोटा आरोप आला. परमेश्वर मात्र तुरुंगातही त्याच्याबरोबर होता. शुद्ध राहिलास तर सगळं छान होईल, असं आश्वासन तू मला कधीच दिलं नाहीस, आणि म्हणूनच माझा तुझ्यावर विश्वास बसला.

दावीद राजाचंही तसंच. राजे लढाईला जातात त्या दिवसांत तो यरुशलेमेत राहिला, संध्याकाळी पलंगावरून उठला आणि गच्चीवर फिरू लागला. तिथून त्याला दुसऱ्याची बायको दिसली आणि तो पापात पडला. तू म्हणालीस, रिकामा वेळ, एकांत आणि मोकळी नजर, तिन्ही एकत्र आली. त्यानंतर आपल्या घरी रात्री दहाला फोन फ्रिजवर ठेवायचे ठरले, आणि पहिला फोन तू तुझा ठेवलास. ड्यूटी नसेल त्या रात्री तोही तिथेच. मुलांना नियम लावून स्वतः रात्रभर स्क्रीन बघणाऱ्या घरांत हे का जमत नाही, याचं उत्तर मला तिथे मिळालं. आणि 2 शमुवेलाच्या 11 व्या अध्यायावर तू पुस्तक मिटू दिलं नाहीस. नाथान संदेष्टा दाविदाला त्याचं पाप दाखवायला येतो तो 12 वा, आणि त्यानंतर लगेच त्याच्या पश्चात्तापाचं 51 वं स्तोत्र. "पडलास तर परत यायची वाट कुठे आहे ते आजच बघून ठेव," म्हणालीस.

पाठांतराला मी कंटाळायचो. 119 व्या स्तोत्रात 22 भाग, प्रत्येकात आठ वचनं, इब्री वर्णमालेच्या क्रमाने. तू मला दुसरा भाग आधी पाठ करायला दिलास, कारण त्याची सुरुवातच तरुणाने आपली वाट शुद्ध कशी राखावी या प्रश्नाने होते. पाठ कशाला, पुस्तक आहे की, असं मी म्हटल्यावर तू म्हणालीस, साथ आल्यावर लस टोचून काय उपयोग? रानात सैतानाने येशूची परीक्षा पाहिली तेव्हा येशूच्या हातात शास्त्राची गुंडाळी नव्हती. तीन वेळा त्याने शास्त्रातलं उत्तर दिलं, आणि तिन्ही वचनं जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकातली. ती त्याच्या आत आधीपासून होती. हॉस्टेलमध्ये रूमवर कोणी व्हिडिओ लावला की मी चप्पल घालून खाली उतरायचो आणि चालता चालता तीच आठ वचनं म्हणायचो. पौल करिंथकरांना जारकर्मापासून पळ काढायला सांगतो. तिथे उभं राहून वाद घालायला सांगत नाही. नंतर तुला फोन करायचो. तू "अरे बापरे" म्हणाली नाहीस. "जेवलास का? कुठला अध्याय चालू आहे?" एवढंच विचारायचीस, आणि मग फोनवरच प्रार्थना.

एक गोष्ट मात्र तू शास्त्र न उघडता सांगितलीस. मी कॉलेजात जाणार होतो त्या आठवड्यात. वॉर्डात एखादी कोवळी मुलगी येते, घाबरलेली, बरोबर आई किंवा तीही नाही. "मुलगा कधी दिसत नाही," तू म्हणालीस. "मी रजिस्टरमध्ये तिचं नाव लिहिते. त्याचं लिहायला तिथे रकानाच नसतो." तुझा आवाज तेव्हा बदलला होता. नंतर तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, तरुण स्त्रियांना पूर्ण शुद्धतेने बहिणींसारखं वागव, हे वाचलं, तेव्हा मला तो वॉर्ड आठवला. शुद्धता म्हणजे फक्त माझं मन आणि माझा देव, असं नाही. त्यात एक दुसरी व्यक्तीही असते, जिला इजा होऊ शकते. हे मला कुठल्याही युवक शिबिरात इतकं स्पष्ट कोणी सांगितलं नव्हतं.

साखरपुड्यानंतर आम्ही दोघं कमाटीबागेत फिरलो, चर्चनंतर तासन्‌तास बोललो, पण रिकाम्या घरात भेटायचं नाही, हे आम्ही आपणहून ठरवलं. तिला मी यामागची तुझी सगळी शिकवण सांगितली. ती म्हणाली, "मला हे कोणी सांगितलंच नव्हतं. फक्त नको, नको एवढंच ऐकलं." मग तू तिला जवळ बसवून गीतरत्न वाचायला सांगितलंस. आठच अध्याय आहेत, म्हणालीस, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. तेच पुस्तक तीन वेळा बजावतं की प्रीतीला तिच्या वेळेआधी जागं करू नका, आणि वेळ आली की तेच तिचा एवढा आनंद करतं. इतकी वर्षं तू मला थांबायला सांगत होतीस ते कशासाठी, हे तुम्हा दोघींना एकत्र वाचताना पाहून मला पुरतं कळलं.

आई, तुझ्या झोपेतल्या त्या सकाळच्या वेळा तू मला दिल्यास. बारा तास उभं राहून आलेली बाई आधी आडवी झाली असती तर कोणी तिला नावं ठेवली नसती. त्याबद्दल मनापासून आभार.

लग्नानंतर आमच्या घरीही सकाळचं वाचन सुरू करायचं ठरलंय. नीतिसूत्रं तारखेप्रमाणे चालतीलच. त्याबरोबर रूथचं पुस्तक घ्यावं असं ती म्हणते, लूकचं शुभवर्तमान घ्यावं असं मी म्हणतो. कुठून सुरुवात करावी, ते तू सांग. आणि पहिल्या दिवशी ड्यूटी नसेल तर तूच ये आणि वाच.

तुझा,
थोरला