मीनू, हायलाईट वॉल नको, अख्खी खोली रंगव

सातारा, रविवार दुपार

प्रिय मीनू,

फोटो मिळाले आणि व्हिडिओपण बघितला, हॉल मस्तच आहे गं, आणि त्या खिडकीतून येऊरचा डोंगर एवढा समोर दिसतो हे तू फोनवर सांगितलं नव्हतंस. आता तुझ्या प्रश्नाकडे येते. इंटिरियरवाला म्हणतोय तीन भिंती ऑफ व्हाईट आणि टीव्हीमागची एक हायलाईट वॉल, निलेशला ते पटलंय, काकूंना काहीच पटलेलं नाहीये, आणि तू मला विचारतेस की ती एक भिंत मोरपंखी करू का डाळिंबी. माझं उत्तर असं की एकच भिंत करणार असशील तर दोन्ही नको. चारही भिंती कर आणि जमलं तर छतसुद्धा. मेसेजवर हे नीट सांगता आलं नसतं म्हणून सरळ पत्रच लिहायला बसले.

हायलाईट वॉलमधे होतं काय की गडद रंग जिथे संपतो आणि ऑफ व्हाईट जिथे सुरू होतो ती उभी रेघ सारखी डोळ्यात येते. खोलीत शिरलं की माणूस आधी ती रेघ बघतो, मग टीव्ही, मग बाकीचं. म्हणजे एवढा धीट रंग निवडला आणि त्याचं काम काय, तर टीव्हीच्या मागे उभं राहणं. शिवाय उरलेल्या तीन भिंती त्या एकीपुढे अजून फिक्या दिसतात, रंग द्यायचा राहून गेलाय अशा. लोकांना वाटतं गडद रंग सगळीकडे दिला तर खोली लहान दिसेल. माझ्या हॉलमधे मी बरोब्बर उलटं बघितलंय, चारही बाजूंना एकच गडद रंग असला की कोपरे विरघळतात, भिंत कुठे वळली ते पटकन कळतच नाही, आणि छतही त्याच रंगाचं असेल तर नऊ फुटाची खोली ठेंगणी वाटत नाही. तू दिवाळीत आली होतीस तेव्हा तूच म्हणालीस की हा हॉल आधीपेक्षा मोठा कसा वाटतोय, तेव्हा मी फक्त रंग बदलला होता, सोफासुद्धा तोच होता.

आणि खरी गोष्ट सामानाची आहे. तुझ्याकडे सामान किती आहे मला माहितीये, काकूंच्या लग्नातल्या फ्रेम, तुझे ते कच्छचे तोरण, आजीची पितळी परात, निलेशच्या बाबांचे ब्लॅक अँड व्हाईट फोटो, बाहुल्या, तंजावर, सगळं. इंटिरियरवाला ते सगळं माळ्यावर टाकायला सांगणार, कारण पांढऱ्या भिंतीवर ते पसारा दिसतं. दिसतंच. पांढऱ्या भिंतीवर काळ्या चौकटीची फ्रेम लावली की तिची कड न कड वेगळी दिसते, वीस फ्रेम लावल्या तर वीस वेगवेगळ्या वस्तू दिसतात आणि डोळा दमतो. तीच सगळी गर्दी गडद हुरमुजी लालावर किंवा निळ्यावर लाव, चौकटी भिंतीत मुरतात, सोनेरी कड आणि चेहरे तेवढे पुढे येतात. गर्दी भरपूर हवी असेल तर भिंत गडदच पाहिजे, हे मी आता अगदी ठामपणे सांगते.

आपल्या जुन्या घरात हे होतंच की. माझ्या आजोळच्या माजघरात भिंतीला नीळ घातलेला चुना असायचा, चांगला जाड निळा, आणि वर आढ्याच्या खाली अख्खी रांग फ्रेमची, राम पंचायतन, लक्ष्मी, सरस्वती, शाळेचा ग्रुप फोटो, पणजोबा, सगळे पुढे झुकलेले. लहानपणी मला वाटायचं त्या पडतील. त्या झुकवायचं कारण साधं होतं, माणसं जमिनीवर बसायची, फ्रेम उंच असायच्या, सरळ लावल्या असत्या तर खालून काचेवर नुसता उजेड चमकला असता. आणि ती लक्ष्मी सरस्वती बहुतेक घरात आली ती राजा रविवर्म्याच्या छापखान्यामुळे, 1894 मधे मुंबईत तो सुरू झाला आणि नंतर मळवलीला गेला, तोवर रविवर्म्याचं चित्र भिंतीवर लावणं बहुतेक राजेरजवाड्यांनाच परवडायचं. एकदा छापील चित्रं मिळायला लागल्यावर लोकांनी भिंती भरूनच टाकल्या, मोजूनमापून एक मधोमध असं कोणी केलं नाही.

मेणवलीचा वाडा तू अजून बघितला नाहीयेस ना? वाईपासून अगदी जवळ, कृष्णेच्या काठी, नाना फडणवीसांचा. वरच्या मजल्यावर भिंतीवर जुनी चित्रं आहेत, देवादिकांची, बाजूने वेलबुट्टीची पट्टी. आता फिकट झालीत, काही पुसलीयेत, पण उभं राहून बघितलं की लक्षात येतं की ती भिंतीवर टांगलेली चित्रं नाहीत, भिंतच चित्र आहे. पेशवाईतला एवढा हिशोबी कारभारी, आणि स्वतःच्या घरात भिंती रिकाम्या ठेवल्या नाहीत. कोकणात आणि गोव्यात देवळांवर ती कावी असते, बघितली असशील, ओल्या चुन्यावर लाल कावेचा थर द्यायचा आणि तो खरवडून आतला पांढरा काढायचा, त्यात फुलं वेली देव सगळं. आणि पणजीचं फोंतेन्हास, पिवळं घर, त्याला खेटून निळं, त्याला खेटून लाल, कडेला पांढरी पट्टी. तिथे सांगतात की पोर्तुगीजांच्या काळात पांढरा रंग चर्चसाठी राखलेला असायचा म्हणून घरांना रंग द्यावाच लागायचा. त्या गल्लीत कोणाच्याही डोक्यात येत नाही की हे जास्त झालं.

काकूंना सांग की हे काही विदेशी फॅड नाहीये. आणि निलेशला विदेशीच उदाहरण पाहिजे असेल तर तेही आहे माझ्याकडे. मी लंडनला ताईकडे गेले होते तेव्हा सर जॉन सोन म्हणून एका आर्किटेक्टचं घर बघितलं, आता म्युझियम आहे, आत जायला तिकीट नाही. 1833 मधे पार्लमेंटनी खास कायदा केला की हे घर आहे तसंच ठेवायचं. खाली जेवणाची खोली आणि लायब्ररी एकत्र, पूर्ण गडद लाल, वर गेलं की दिवाणखाना झगझगीत पिवळा, त्यांनी नंतर जुना रंग शोधून तोच परत दिलाय. आणि चित्रांची एक खोली आहे, आपल्या बेडरूमएवढी असेल, तिच्या भिंती म्हणजे बिजागरीवरची दारं, ती उघडली की आत अजून चित्रं, शंभरावर चित्रं एवढ्याशा खोलीत. मी तिथून हलतच नव्हते, ताई वैतागली. मूर्तींचे तुकडे, आरसे, दगड, कुठे रिकामी जागा नाही आणि तरी जीव घुसमटत नाही, कारण प्रत्येक खोलीला आपला एक रंग आहे आणि तो पूर्ण आहे, अर्धवट नाही.

आता रंग निवडायचा कसा. शेड कार्ड घेऊन बसूच नकोस, त्या एवढ्याशा चौकोनात काही कळत नाही. सरळ कपाट उघड आणि साड्या काढ. पैठणी समोर धर, अंग मोरपंखी, काठ राणी, मधे जर, त्यात कोणाला भडक वाटतं का, नाही ना, कारण अंगाचा रंग भरपूर आहे, काठ त्याला धरून ठेवतो आणि जर थोडीच आहे. भिंत म्हणजे अंग, दाराच्या चौकटी आणि स्कर्टिंग म्हणजे काठ, फ्रेम पडदे पितळ म्हणजे जर. माझ्या हॉलला अंग मोरपंखी आणि चौकटी हळदी आहेत ते असंच ठरलं, आईच्या साडीवरून. तुझा हॉल पश्चिमेचा आहे आणि समोर डोंगर, पावसाळ्यात सगळा हिरवागार, तर मी तिथे हुरमुजी नाहीतर डाळिंबी देईन, संध्याकाळचं ऊन त्यावर पडलं की बघत रहाशील, आणि लालासमोर तो हिरवा डोंगर दुप्पट हिरवा दिसेल. मोरपंखी तुझ्या बेडरूमला ठेव.

काम करून घेताना मात्र पेंटरच्या डोक्यावर बस. गडद रंग हे फिक्या रंगासारखे बसत नाहीत. पांढऱ्या रंगात जी पांढरी पूड असते, टायटॅनियम डायऑक्साईड, तीच भिंत झाकायचं काम करते, आणि मशीनवर गडद शेड बनवतात तेव्हा ज्या बेसमधे बनवतात त्यात ती अगदी कमी असते, त्यामुळे लाल आणि पिवळे तर दोन हात मारूनही आतलं दाखवतात. पेंटर म्हणेल दोन हात पुरे. तू तिसरा मारून घे, आधीच ठरवून, पैशासकट. लालाखाली पांढराशुभ्र प्रायमर नको, त्यात थोडा काळा स्टेनर टाकून राखाडी करून घे, लाल लवकर बसतो आणि खोल दिसतो. चकाकी कमीत कमी ठेव, गडद रंग चकचकीत केला की पुट्टीचा प्रत्येक उंचवटा ट्यूबलाईटखाली दिसतो. फक्त पॅसेजमधे, जिथे अन्वी भिंतीला हात लावत पळते तिथे, पुसता येईल असा थोड्या चकाकीचा घे. आणि बिल्डिंग नवीन आहे ना, बीम आणि ब्लॉकच्या जोडावर केसासारख्या भेगा पडतातच पहिल्या वर्षात, त्या नीट भरून जाळीची पट्टी लावून मग पुट्टी, नाहीतर गडद भिंतीवर ती रेघ पांढरी उठून दिसेल. बाहेरच्या बाजूच्या भिंतीला एक पावसाळा जाऊ दे मी म्हणेन, ओल कुठून येते ते कळेल, घोडबंदरचा पाऊस तुला माहितीच आहे. तिथे वॉलपेपर तर अजिबात नको, मागून ओल आली की सुटतो आणि आतून बुरशी धरतो.

नमुना भिंतीवर करू नकोस, मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात मारून घे आणि तो पुठ्ठा खोलीत फिरव, सकाळी खिडकीजवळ, दुपारी कोपऱ्यात, रात्री दिवा लावून. दिव्यांचं तर फारच महत्वाचं आहे. बिल्डरने ते पांढरे शुभ्र 6500 के (केल्विन, आकडा जितका कमी तितका उजेड पिवळसर) वाले एलईडी लावून दिलेत ना, व्हिडिओत दिसले मला, त्यांच्याखाली डाळिंबी मेलेला दिसेल, तपकिरी काळपट. 3000 के वाले घे, डब्यावर लिहिलेलं असतं. एक मोठा दिवा छतावर लावण्यापेक्षा तीन चार छोटे ठेव, कोपऱ्यात एक समई, म्हणजे भिंतीचा एक भाग उजेडात एक अंधारात, गडद रंगाची सगळी मजा त्यातच आहे.

फ्रेम लावायच्या तर आधी सगळ्या जमिनीवर मांड. मोठी मधोमध नको, जरा बाजूला, आणि दोन फ्रेममधे दोन ते तीन इंचाच्या वर अंतर नको. अंतर वाढलं की परत सुट्ट्या सुट्ट्या दिसतात. उंची पाच फुटाच्या आसपास मधला भाग, पण तुमच्याकडे भारतीय बैठक करणार आहात ना, मग त्या भिंतीवर खाली आण, बसलेल्या माणसाच्या नजरेला. माझ्याकडे सावंतवाडीच्या गंजिफाचे, म्हणजे हाताने रंगवलेल्या पत्त्यांचे, दहा राजे आहेत, दशावतारी गंजिफा 120 पानांचा असतो, मी प्रत्येक अवताराचा राजा तेवढा घेऊन एकाखाली एक लावलाय, ते गोल गोल पत्ते मोरपंखीवर इतके जिवंत दिसतात ना. तुला आवडले होते, तुझ्यासाठी बघू का?

एकच गोष्ट कळकळीने सांगते, रेडीमेड वारली स्टिकर लावू नकोस. तिकडे डहाणू जव्हारकडे लग्नाचा चौक बायका गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढतात, त्यात पालघट देवी असते, त्याशिवाय लग्न लागत नाही. जिव्या सोमा म्हसे यांनी ती चित्रं कागदावर कापडावर आणली, जगभर गेली, 2011 मधे पद्मश्री मिळाली. अशा चित्राचा प्लॅस्टिकचा तुकडा स्विचबोर्डच्या वर चिकटवायचा हे मला खरंच बघवत नाही. ठाण्याहून डहाणू असं कितीसं लांब आहे, एखाद्या सुट्टीत जा, काढणाऱ्या माणसाकडून कापडावरचं घे, पैसे त्याच्या हातात दे.

धूळ. हे मात्र आहे. एवढं सगळं भिंतीवर लावलं की महिन्याला एकदा तरी हात फिरवावा लागतो, जळमटं फ्रेमच्या मागेच होतात, आणि गडद भिंतीवर ती पांढरी दिसतात. मी रविवारी सकाळी रेडिओ लावून करते, मला ते काम आवडतं कारण प्रत्येक वस्तू हातात येते, आजोबांच्या फोटोची काच पुसताना त्यांच्याशी दोन शब्द होतात. तुला कंटाळा असेल तर थोडं कमी लाव, पण माळ्यावर टाकू नकोस. काकूंच्या फ्रेम तर नाहीच नाही, त्या आल्या की त्यांचा विरोध अर्धा तिथेच संपेल बघ, कारण त्यांना रंगाचं एवढं काही नाहीये, त्यांना वाटतंय नव्या घरात त्यांच्या वस्तूंना जागा नाही.

निलेशचा मुद्दा राहिला, पुढे विकताना गिऱ्हाईकाला आवडणार नाही म्हणतो तो. अरे पंधरा वीस वर्षं तुम्ही राहणार तिथे, अन्वी त्या भिंतींमधे मोठी होणार, आणि विकताना एक हात प्रायमर आणि दोन हात पांढरा मारला की झालं. कुठल्यातरी अनोळखी माणसासाठी आत्तापासून ऑफ व्हाईटमधे का राहायचं?

पुठ्ठा रंगवलास की फोटो पाठव, सकाळचा आणि रात्रीचा दोन्ही, फ्लॅश बंद करून. आणि हॉलची लांबी रुंदी आणि खिडकीचं माप पण लिही, पडद्याचं कापड मी इथून बघते, इरकलचं मिळालं तर तेच घेऊ. मेणवलीला यायचं तर गणपतीनंतर या सगळे, काकूंनाही आण, उतरायला घर आहेच.

तुझी,
शुभा