बॅकस्टेज तालमीतच उभं राहतं

पुणे,
७ जुलै

प्रिय समीर,

सप्रेम नमस्कार.

तुमची एकांकिका यंदा पुरुषोत्तम करंडक स्पर्धेला उतरतेय आणि बॅकस्टेज तुझ्याकडे आलंय, हे वाचून फार बरं वाटलं. तू विचारतोस, प्रयोगाला अजून पाच-सहा आठवडे आहेत, मग आत्ता तालमीत मी करायचं काय? खुर्च्या सरकवायच्या आणि चहा सांगायचा? चहा सांगावाच लागेल, त्यातून कुणाची सुटका नाही. पण खरं काम आत्ताच आहे. महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेची ही स्पर्धा १९६३ पासून चालू आहे. भरत नाट्य मंदिरात साधारण ऑगस्टात प्राथमिक फेरी लागली की एकामागून एक संघ उभे राहतात, आणि रंगमंच तुमच्या ताब्यात मोजकीच मिनिटं असतो. तिथे जाऊन काही ठरवायला वेळच नसतो. म्हणून तालमीतलं तुझं काम मी एका वाक्यात सांगतो: काल जे जिथे आणि जितक्या वेळात घडलं, ते आजही तिथेच आणि तितक्याच वेळात घडेल अशी सोय करणं. ही सोय नसेल, तर आज प्रसंग बिघडला तो नटामुळे, दिग्दर्शकाच्या नव्या सूचनेमुळे की टेबल हातभर सरकल्यामुळे, हेच कुणाला कळत नाही.

सुरुवात जमिनीपासून कर. सेटचा ग्राउंड प्लॅन (वरून पाहिल्यासारखा आराखडा) कागदावर आला की तो तालमीच्या हॉलमध्ये खऱ्या मापाने आखायचा. आधी पडद्याची रेषा, मग तिच्या मध्यावरून मागे जाणारी मध्यरेषा. सगळी मापं या दोन रेषांपासूनच घे, हॉलच्या भिंतीपासून कधीही घेऊ नकोस. भिंत तुमच्याबरोबर थिएटरला येणार नाही. दोन्ही रेषा काटकोनात आहेत का, ते सुतळीने तपास: एका रेषेवर ६ फूट, दुसरीवर ८ फूट मोज; टोकांमधलं अंतर बरोबर १० फूट आलं पाहिजे. नाही आलं तर मागची लेव्हल (मंचावरचा उंच चौथरा) तिरकी बसणार, आणि ते थिएटरात पोचेपर्यंत लक्षातही येणार नाही.

खडूच्या रेघा पहिल्या रन-थ्रूतच, म्हणजे सलग तालमीतच, पुसल्या जातात. रंगीत चिकटपट्टी वापर: भिंतींना एक रंग, लेव्हलला दुसरा, आणि प्रसंगानुसार सामान बदलत असेल तर प्रत्येक प्रसंगाला वेगळा. जुलैत फरशी ओलसर असते, पट्टी संध्याकाळपर्यंत सुटते. आधी ओल्या फडक्याने धूळ काढायची, मग कोरड्याने पुसायचं, आणि पट्टी चिकटवल्यावर चपलेच्या टाचेने घासायची. पूर्ण रेषा ओढायची गरज नाही. कोपऱ्यांना इंग्रजी एलसारख्या खुणा पुरतात. हॉल रोज दुसऱ्यांनाही वापरायचा असेल, तर एका लांब सुतळीला दर फुटावर गाठ मारून ठेव आणि मापांची यादी वहीत लिही. मग दोघं जण मिळून पटकन आखणी करता येते.

डावं-उजवं नेहमी नटाचं, प्रेक्षकाचं नाही, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना ऐकव. निम्मे गोंधळ इथेच संपतात.

खुणा केल्या म्हणजे नट त्या पाळतील असं नाही. ते आखलेल्या भिंतीतून खुशाल चालत जातात. म्हणून दाराच्या जागी दोन खुर्च्या ठेव, मध्ये खऱ्या दाराएवढंच अंतर. दार आत उघडतं की बाहेर, बिजागरी कुठल्या बाजूला, कुठल्या हाताने ढकलायचं, हे सेट बनवायला देण्याआधी ठरायला हवं. उजव्या हातात सुटकेस घेऊन येणाऱ्याला दार उजव्या हातानेच ओढावं लागलं, तर त्याचं पहिलं वाक्य गडबडणारच. दोष मात्र त्याच्या पाठांतराला लागेल. लेव्हल लवकर बनत नाहीत, पण त्यांची उंची लवकर मिळवता येते. १२ इंची पायरी असणार असेल तर तेवढ्याच उंचीचा भक्कम खोका किंवा बाक तालमीत आण. नऊवारी किंवा धोतर असेल तर ते निदान शेवटचे दहा दिवस नेसूनच चढ-उतर व्हायला हवी. आणि लेव्हल आल्या की त्यावर चालून आवाज ऐक. आतून पोकळ असल्याने पावलं ढोलासारखी वाजतात. वर काथ्याची चटई किंवा जुना गालिचा ठोकला, बोल्ट आवळले, की बराच फरक पडतो.

आता प्रॉपर्टी, म्हणजे नटांच्या वापरातल्या वस्तू. इथे जरा थांबतो, कारण विद्यार्थी संघ सर्वांत जास्त इथेच मार खातात. खऱ्या वस्तू शेवटच्या आठवड्यात येतात, तोपर्यंत तांब्याच्या जागी प्लास्टिकची बाटली आणि फायलींच्या जागी एक वही. हाताला वजनाची सवय लागते, त्यामुळे बदली वस्तू वजनाने आणि आकाराने खरीच्या जवळची हवी. लिटरभर पाणी म्हणजे एक किलो वजन. भरलेला तांब्या उचलताना खांदा जसा खाली जातो तसा रिकाम्या बाटलीने जात नाही. चहाच्या कपातही पहिल्या दिवसापासून पाणी घाल. रिकामा कप धरलेला नट बोलता बोलता तो हवेत फिरवायला लागतो. पाणी असलं की आपोआप जपतो. दारू दाखवायची तर बिनसाखरेचा थंड कोरा चहा पातळ करून घे. साखर किंवा गूळ नको, सांडलं की जमीन चिकट होते आणि पुढचा अख्खा प्रसंग चपला चटचट वाजतात. खायचं दाखवायचं तर केळ्यासारखं मऊ, पटकन गिळता येईल असं काहीतरी दे. चिवडा, बिस्किटं, कोरडे पोहे घशात अडकतात, आणि घासानंतर लगेच संवाद असेल तर नट पाण्याकडे बघत बसतो. काचेची वस्तू शक्यतो टाळ. काडेपेटी असेल तर पावसाळ्यात काड्या मऊ पडतात. कोरड्या डबीत ठेव आणि दुसरी पेटी विंगेत (मंचाच्या बाजूला, पडद्याआड) हाताशी असू दे. मंचावर आग लावायची परवानगी आहे का, हे मात्र आधी विचार. बहुतेक वेळा बॅटरीचा दिवा हेच शहाणपण.

प्रत्येक वस्तूसाठी तक्ता कर: वस्तू, कोण वापरतो, पहिल्यांदा कुठून येते, कुठे ठेवली जाते, कोण परत नेतो, शेवटी कुठल्या विंगेत सापडते. शेवटचा रकाना लोक विसरतात. पत्र उजव्या विंगेतून बाहेर जातं आणि पुढच्या प्रसंगात डाव्या विंगेतून आत यायचं असतं. मधे ते मागून कोण नेणार? तालमीत कुणीतरी सहज हातात देतो, प्रयोगात त्या 'कुणीतरी'ला दुसरं काम असतं. दोन्ही विंगांत एकेक टेबल लाव, त्यावर पांढरा कागद चिकटव आणि प्रत्येक वस्तूची बाह्यरेषा स्केचपेनने काढून आत नाव लिही. मोकळी बाह्यरेषा दिसली की वस्तू हरवली हे लांबूनच कळतं. नटांनी वस्तू स्वतः त्याच जागी परत ठेवायची, खिशात घालून घरी न्यायची नाही. चष्मे आणि अंगठ्या हमखास घरी जातात.

स्क्रिप्टची तुझी प्रत वेगळी हवी. एका बाजूला छापलेली, समोरचं पान कोरं, फाईलमध्ये लावलेली. कोऱ्या पानावर हालचाली, संवादाच्या पानाच्या कडेला क्यू, म्हणजे दिवा, आवाज किंवा बदल नेमका कधी करायचा त्याची खूण. सगळं पेन्सिलने, कारण दिग्दर्शक उद्या बदलणार आहे आणि परवा पुन्हा पहिल्यावर येणार आहे. तारीख टाकत जा; मग 'आपण हे असं कधी ठरवलं?' या वादाला उत्तर तुझ्याकडे असतं.

प्रॉम्प्टिंगबद्दल थोडं. वाक्य विसरलेल्या नटाला पूर्ण वाक्य देऊ नकोस. पहिले दोन-तीन शब्द स्पष्ट, सपाट आवाजात दे; कुजबुजलास तर त्याला कळत नाही आणि बाकी सगळ्यांना कळतं. विसरणं आणि पॉज यांतला फरक ओळखता यायला हवा, म्हणून ठरलेले पॉज स्क्रिप्टमध्ये खुणेने दाखव. नट अडकला की बहुधा नजर खाली किंवा बाजूला सुटते, श्वास अडतो. पॉज घेणाऱ्याची नजर समोरच्यावर असते. कुठल्या तारखेपासून प्रॉम्प्टिंग बंद, हे दिग्दर्शकाकडून जाहीर करून घे. त्यानंतर दया दाखवायची नाही, अडखळले तरी त्यांनी आपापसात सावरायला शिकायचं. कुणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी तू उभा राहशील तेव्हा संवाद साधेपणाने वाच, पण हालचाल मात्र अचूक कर. तिथे अभिनय करणारे बदली लोक समोरच्या नटाची लय बिघडवतात. (तुला मोह होणार आहे, मी ओळखतो तुला.)

क्यू शीट तालमीतच तयार होते. क्रमांक १०, २०, ३० असे दे, म्हणजे मधे नवा क्यू आला तर २५ घालता येतो, सगळी यादी पुन्हा लिहावी लागत नाही. प्रत्येक क्यूसमोर पान, शेवटचे तीन शब्द किंवा नेमकी कृती, काय घडायचं आणि किती सेकंदांत, हे लिही. संवाद डळमळीत असेल तर क्यू कृतीवर घे. फोनची रिंग रिसीव्हर उचलताच थांबली पाहिजे, म्हणून साउंडवाल्याने स्क्रिप्टकडे नाही, नटाच्या हाताकडे बघायचं. आधी 'तयार', मग 'गो', आणि तालीम चालू असताना 'गो' हा शब्द इतर कुणी, कुठल्याही कारणाने उच्चारायचा नाही.

साउंड ब्लूटूथ स्पीकरवर वाजवू नका, आवाज किंचित उशिरा येतो. पार्श्वसंगीताला चालेल, पण थपडेला आणि दाराच्या बेलला तो उशीर उघडा पडतो. वायर लावा. प्रत्येक क्यूची वेगळी फाईल, नावाच्या आधी क्रमांक, सुरुवातीची शांतता कापलेली. एक फाईल संपली की पुढची आपोआप सुरू होणं बंद कर, लॅपटॉपचं इंटरनेट बंद कर, आणि सगळं दुसऱ्या पेनड्राइव्हवरही ठेव.

हॉलमध्ये दिवे भाड्याने आणून बघणार असाल तर एवढं लक्षात घे: १००० वॅटचा एक दिवा २३० व्होल्टवर सव्वाचार अँपिअरच्या थोडा वर करंट घेतो. म्हणजे भिंतीतल्या छोट्या प्लगवर एकच दिवा, १५ अँपिअरच्या मोठ्या प्लगवर फार तर तीन. एक्स्टेंशनची वायर गुंडाळी करून ठेवायची नाही, पूर्ण सोडायची. गुंडाळीत ती तापते आणि आवरण वितळतं. वायरिंगला हात कॉलेजच्या इलेक्ट्रिशियननेच लावायचा.

ब्लॅकआउटमधले बदल हे खास बॅकस्टेजचं नाटक. कोण कुठल्या विंगेतून येणार, कुठल्या हाताने काय उचलणार, कुठून जाणार, हे माणसागणिक लिही. आधी बाहेर जाणारं सामान, मग आत येणारं, आणि येता-जाता शक्यतो कुणाचा हात रिकामा नको. पहिल्यांदा उजेडात, सावकाश. मग उजेडात स्टॉपवॉच लावून. मग रात्री हॉलचे दिवे बंद करून. पंधरा-वीस सेकंदांच्या पुढे गेलं तर माणसं वाढवण्याआधी सामान कमी करता येतं का ते बघ; अंधारात जास्त माणसं म्हणजे जास्त टकरा. दिवे गेल्यावर एक-दोन मोजून हलायचं. आत येणाऱ्यांनी त्याआधी थोडा वेळ डोळे मिटून ठेवले तर अंधारात लवकर दिसतं. रेडियमच्या पट्ट्या नखाएवढ्याच लाव, पायऱ्यांच्या कडांना आणि सामानाच्या खुणांना. त्या उजेडात राहिल्या तरच अंधारात चमकतात, आणि फार लावल्या तर पहिल्या रांगेला तारांगण दिसतं.

वेळेची नोंद रोज ठेव, एकूण नाही, प्रसंगागणिक. एकांकिका तीन मिनिटांनी वाढली की सगळे म्हणतात 'आज जरा सैल झालं'. तुझ्या नोंदीत दिसेल की तिसऱ्या प्रसंगातच दोन मिनिटं गेली. नियमपत्रिकेतल्या मर्यादेच्या आत तीन-चार मिनिटं मोकळी ठेवा, कारण भरलेलं प्रेक्षागृह हसतं आणि नट हशासाठी थांबतात.

मेकअपचं तुमच्याकडे कुणी ना कुणी बघेलच. सामानाच्या पेटीत मात्र हे असू दे: सुतळी, कात्री, सेफ्टी पिना, काळा-पांढरा दोरा ओवलेल्या सुया, हातोडी, दीड इंची खिळे, पक्कड, टेस्टर, चिकटपट्ट्या, जादा सेल, बँडेज, आणि निळा जिलेटिन कागद लावलेला टॉर्च. टेम्पोत सामान भरताना मंचावर आधी लागणारं सगळ्यांत शेवटी चढव, फ्लॅट (सेटच्या भिंतींच्या चौकटी) उभे ठेव, आणि ताडपत्री तुझी तू आण. टेम्पोवाला 'आहे' म्हणतो ती निम्मी फाटकी असते.

ग्राउंड प्लॅनचा फोटो पाठव, मापं टाकून. आणि दिग्दर्शकाला विचारून दार कुठल्या बाजूला उघडतंय ते कळव, तुझ्या पत्रात दोन ठिकाणी दोन वेगळ्या बाजू लिहिल्यायस.

तुझा,
अभ्या

ता. क. काकूंना नमस्कार सांग. त्यांचा तांब्या प्रॉपर्टीला आणणार असशील तर तळाशी नाव कोरलेलं आहे का बघून आण, एकाच दिवशी चार संघांचे तांबे विंगेत असतात.