काखेतीहून आल्यावरचं पत्र

तिबिलिसी (जॉर्जिया), ५ ऑक्टोबर

ती. आई-आबांना शिरसाष्टांग नमस्कार. आजीला वेगळा.

मी ठणठणीत आहे. खोकला गेला, जेवतेही वेळेवर; आई, परत विचारू नकोस. शनिवार-रविवार फोन लागला नाही कारण मी काखेतीत, म्हणजे इथल्या द्राक्षांच्या मुलखात होते, घरमालकीणबाईंच्या माहेरी, तेलावीजवळच्या खेड्यात. तिथं रेंज नव्हती, दुसरं काही नाही.

तिकडे सध्या र्त्वेली, म्हणजे द्राक्षकाढणीचा सण. आबा, तुमची छाटणीची धांदल आणि इथं माल तयार! शहरातले जावईसुद्धा कात्री घेऊन बागेत. पांढरी र्कात्सितेली, काळी सापेरावी, दोन्ही बियांची. सापेरावीचा गरही लाल, माझी बोटं अजून रंगलेली आहेत. मण्याच्या साइजचं कुणाला पडलेलं नाही, सगळा माल वाईनलाच. विरळणी का केली नाही म्हणून तुम्ही त्यांना झापलंच असतं.

रस, साली, बिया, देठ, सगळं क्वेव्रीत ओततात. हा मातीचा मोठा रांजण, आतून मधमाश्यांचं मेण लावलेला, गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला. आजी, तुझ्या माहेरचं पेव आठव. आंबत असताना काठीनं ढवळत राहायचं, मग तोंड बंद, ते वसंतात उघडायचं. जमिनीतला गारवा सारखा राहतो. इथं ८००० वर्षांपूर्वीच्या मडक्यांत वाईनचे अंश सापडलेत, २०१३ साली युनेस्कोनं ही पद्धत वारशाच्या यादीत घेतली. मालकीणबाईंच्या वडिलांना त्याचं काही नाही. क्वेव्री धुवायला माणूस मिळत नाही, ही त्यांची काळजी.

आता जेवणाचं. आई, नीट वाच, नाहीतर भलताच अर्थ काढशील. पंगतीत एक तमादा, म्हणजे पंगतीचा म्होरक्या असतो. तो उठून बोलल्याशिवाय पेल्याला कुणी तोंड लावत नाही. तहान लागली म्हणून प्यायची नाही, कुणाच्या तरी नावानंच प्यायची. शांततेसाठी, मग देशासाठी, गेलेल्यांसाठी, लेकराबाळांसाठी. तो ‘अलावेर्दी’ म्हणाला की पुढचा माणूस तोच विषय धरून बोलणार, मग तिसरा. तोवर समोरची वांगी-अक्रोड गार. रात्री बारापर्यंत हेच, आणि म्हातारीकोतारीही हलत नाहीत! म्हणजे नुसती दारू नव्हे, पण दारूच. मी घेतली नाही. माझ्या ग्लासात तारखुन नावाच्या पाल्याचं हिरवं सरबत होतं. बागेत प्यायले तो ताजा रस, आंबलेला नव्हे. दादाला उगाच चिडवू देऊ नकोस.

आईवडिलांच्या नावाचा पेला आला तेव्हा तमादानं माझ्याकडे हात केला. मी मराठीतच बोलले. कुणाला कळलं नाही ते बरं झालं.

वर्गातली एक मुलगी गावी येतेय, तिच्याजवळ चुर्चखेला दिलाय. अक्रोडाची माळ द्राक्षाच्या रसात पीठ घालून शिजवलेल्या पाकात बुडवून वाळवतात. आजीच्या दातांना बारीक कापून द्या.

दादाच्या साखरपुड्याला मला जमणार नाही. परीक्षा आहे, आणि तिकीट फार आहे. वहिनीला मी स्वतः फोन करीन. मावशीनं आणलेल्या स्थळाला मी नाही म्हटलेलं नाही. डिग्री हातात येऊ दे, मग बघू. तुम्हीच फोनवर ‘कळवतो’ म्हणून बसलात तर त्यांना होकार वाटेल, तेव्हा स्पष्ट सांगा.

आबा, कॉलेजात विचारलंय, हप्ता नोव्हेंबरअखेर भरला तरी चालतो. कोल्ड स्टोरेजचा बेदाणा माझ्यासाठी पडत्या भावात काढू नका. काढला असेल तर कितीला गेला ते खरं सांगा, आईकडून निरोप नको.

तुमची,
सोनू