कुत्र्याकडून किती मागायचं

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

‘एक कुत्रं आणलं की मला कुणाची गरज उरणार नाही,’ असं तू लिहिलंस. कुत्रं जरूर आण. माझं भांडण वाक्याच्या उत्तरार्धाशी आहे.

माणसं कुत्र्यावर मनाने विसंबतात, यात शंका नाही आणि लाजण्यासारखंही काही नाही. तान्ह्या मुलाचा आईशी असलेला बंध तपासायला मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी एक चाचणी बसवली होती. १९९८ मध्ये बुडापेस्टच्या संशोधकांनी तीच कुत्र्यांवर करून पाहिली. अनोळखी खोली, मालक बाहेर जातो, परकं माणूस आत येतं, मग मालक परततो. कुत्री बरीचशी त्या मुलांसारखीच वागली. २०१५ मध्ये जपानी संशोधकांना आढळलं, की कुत्रं आणि मालक एकमेकांकडे जास्त वेळ टक लावून पाहत राहिले तर दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन, म्हणजे जिव्हाळ्याशी जोडलेलं संप्रेरक, वाढतं. माणसांनी वाढवलेल्या लांडग्यांत तसं दिसलं नाही. म्हणजे तुला जे वाटतं तो भास नव्हे.

पण हा रस्ता दुहेरी आहे. २०१९ मध्ये स्वीडनमधल्या लिंशॉपिंग विद्यापीठाने ५८ कुत्री आणि त्यांच्या मालकिणींच्या केसांतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, मोजलं. केसांत महिनोन् महिन्यांच्या ताणाची नोंद राहते. मालकिणीचा ताण जास्त, तर कुत्र्याचाही जास्त. तू रोज रात्री ज्याच्या गळ्यात पडून रडशील, त्याला त्यातलं काही कळत नाही असं धरून चालू नकोस.

आणि ते तुला ‘समजून घेतंय’ असंही धरू नकोस. कुत्र्याचा तो प्रसिद्ध अपराधी चेहरा घे. कुत्र्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये दाखवलं, की तो चेहरा मालक रागावल्यावर येतो, कुत्र्याने चूक केलेली असो वा नसो. त्याच्या चेहऱ्यावर आपण आपल्याला हवं ते वाचतो. स्पर्श, दिवसाला लागलेली शिस्त, दाराशी कुणीतरी वाट पाहणं, हे सगळं त्याच्याकडून मिळेल. ‘तुझं चुकलं’ हे मात्र ते कधी सांगणार नाही, आणि भांडून पुन्हा जुळवून घेण्याचा सरावही देणार नाही.

जवळ घेताना एक साधी परीक्षा कर. जमिनीवर जरा तिरकी बस, त्याला आपणहून येऊ दे. छातीवर किंवा खांद्याशी तीन सेकंद खाजव आणि हात काढ. अंग टेकवलं, पंजाने हात ओढला, तर पुढे चालू ठेव. ओठ चाटले, झोप नसताना जांभई दिली, मान फिरवली, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसला, तर पुरे. घट्ट मिठी बहुतेक कुत्री आवडते म्हणून नव्हे, निमूटपणे सोसतात.

खरी गडबड होते ती कुत्र्याच्या एकटं राहण्यावरून. पहिले काही आठवडे माणूस चोवीस तास कुत्र्याला चिकटून असतो आणि मग एक दिवस कामावर निघून जातो. मग भुंकणं, दार ओरबाडणं, घरात लघवी, लाळेचं थारोळं. बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच. याला ‘सूड’ म्हणणारे पुष्कळ भेटतील. ती घाबरगुंडी असते. परत आल्यावर मारलंस तर त्याला तुझ्या येण्याचीही धास्ती बसेल. म्हणून पहिल्या आठवड्यापासूनच किल्ली उचल, चपला घाल आणि पुन्हा बसून घे. दिवसातून दहा-पंधरा वेळा, त्याने मान वर करायचं सोडेपर्यंत. मग दाराबाहेर पाच सेकंद, वीस, पुन्हा आठ, मग एक मिनिट. वेळ चढती ठेवू नकोस, वरखाली कर. ते घाबरायच्या आत परत ये. फोनचा कॅमेरा लावून ठेव, कारण दाराबाहेरून शांत वाटणारं कुत्रं आत धापा टाकत येरझाऱ्या घालत असू शकतं. पहिली तीस-चाळीस मिनिटं गाठायलाच सगळ्यात जास्त दिवस लागतात. प्रकार गंभीर असेल तर पशुवैद्य या सरावाच्या जोडीला औषधही देतात. त्यात कमीपणा नाही.

पिल्लू आणणार असशील तर आणखी एक पेच आहे. तिसऱ्या ते साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे पाहतं, ते त्याला पुढे नेहमीचं वाटतं. म्हातारी माणसं, मुलं, दाढीवाले, छत्रीवाले, सगळे त्याला याच काळात भेटायला हवेत. लसीकरण पुरं व्हायच्या आधी कडेवर घेऊन हिंडव, पण हिंडव. माणसं टाळणाऱ्या घरात वाढलेलं पिल्लू माणसांना बिचकतं आणि भीतीपोटी चावतंही. तू माणसांपासून लपायला कुत्रं आणणार, आणि तेच तुला माणसांत ओढणार.

आणि हिशेबही बघ. तीन महिन्यांचं पिल्लू फार तर चार तास लघवी धरतं. तुला ताप आला, गाडी चुकली, गावाला जावं लागलं, तर त्याला बाहेर कोण नेणार? घराची किल्ली असलेली, कुत्र्याच्या ओळखीची निदान दोन माणसं आधीपासून हवीत. ती आयत्या वेळी सापडत नाहीत.

त्या दोघांची नावं मला कळव. कुत्र्याचं नाव मग सावकाश ठरवू.

तुझी,
आई