गायरानाला ‘पडीक’ म्हणू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘पडीक गायरानावर सौर प्रकल्प’ हा कालच्या अंकातला मथळा वाचला. शेतीला दिवसा वीज हवीच. रात्री-अपरात्री पिकाला पाणी द्यायला दारं धरायची हौस कुणालाच नाही. पण ‘पडीक’ हा शब्द आणला कुठून? सातबाऱ्यावर तिथे ‘गुरचरण’ लिहिलेलं असतं, म्हणजे गावच्या गुरांनी चरायचा माळ.

300 किलोच्या देशी गायीला दिवसाला 7-8 किलो कोरडा चारा लागतो. जुलै ते नोव्हेंबर त्यातला निम्मा तरी माळावरच्या मारवेल-पवन्या गवतावर भागतो. माळ बंद झाला की तेवढ्या पाच महिन्यांत जनावरामागे सहा क्विंटल कडबा जादा लागतो, म्हणजे पाऊण-एक एकर कोरडवाहू शाळू ज्वारीचा. दोन-तीन एकरवाल्याने तो आणायचा कुठून? तो बैल विकतो. बैल गेला की शेणही गेलं. दिवसा माळावर चरलेल्या जनावराचं नुसतं रात्रीचं, गोठ्यातलं शेण धरलं तरी वर्षाला टनभर खत होतं. कोरडवाहू एकराला दोन टन लागतं. माळाचं गवत असं खत होऊन दरसाल आमच्या रानात, म्हणजे शेतात, येत होतं, आणि तुम्ही त्याला पडीक म्हणता!

मेंढ्यांचंही तेच. रात्री खतासाठी रानात बसवायच्या तर दिवसा त्यांना चरायला माळ लागतो. तारेचं कुंपण पडलं की धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढ्यांसकट मुक्काम, गावात न थांबता पुढे जातो. मेंढ्या बसवलेल्या रानात लेंडीबरोबर मूत मुरतं. त्या उठल्या की लगेच कुळवाची पाळी देऊन ते मातीत मिसळायचं, नाहीतर नत्र उडून जातं. त्याची भरपाई मग युरियाने करावी लागते.

5 मेगावॅटला 20-25 एकर जातात. सपाटीकरणाला जेसीबी फिरला की गवताचे ठोंब मुळासकट निघतात. मग पहिल्याच वळवाच्या पावसाला मुरूम वाहून खालच्या रानात येतो, ताली (मोठे बांध) फुटतात. आराखड्यात खालच्या बाजूला पाणी अडवायला चर आहे का, ओढ्यावर पाण्याला जायची गुरांची वाट सोडली आहे का, हे तुमच्या बातमीदाराने विचारायला हवं होतं. गायरान दुसऱ्या कामाला देण्यावर बंधन घालणारं महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाचं कलम 22 अ आहे, त्याचा बातमीत उल्लेखही नाही.

आणखी एक. बाजारभावांच्या रकान्यातून कडब्याचा शेकडा पेंढीचा भाव तुम्ही काढून टाकला आहे. तो पुन्हा छापावा.

– एक शेतकरी वाचक, ता. माण, जि. सातारा